उस्तादांचा खडू आणि तेवीस नंबरचे यंत्र

एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हे लिहितो आहे. औरंगाबादला स्टेशनाच्या अंगाला कापसाचे एक जिनिंग होते. तेथे एकाच हंगामात तीन बायकांचे हात यंत्रापाशी जायबंदी झाले. तिन्ही वेळा वार शनिवार होता, आणि तिन्ही यंत्रे रांगेच्या शेवटच्या टोकाची होती. असे का झाले?

उत्तर मी शोधलेले नाही. ज्यांनी शोधले ते त्या कारखान्याचे मुख्य मिस्त्री. त्यांना सगळे उस्ताद म्हणत, बायका वस्ताद म्हणत, आणि त्यांच्या पाठीमागे काय म्हणत ते पुढे येईलच. मी तेथे मुन्शी होतो. निजामाचे राज्य होते. कचेरीतले कागद उर्दूत चालत, माणसांचे बोलणे मराठीत आणि भांडणे दोन्ही भाषांत. पुढे मी तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली. सिद्धता लिहिताना एकही पायरी गाळायची नाही, हे मी मुलांना सांगत असे. ते मला मात्र शाळेत न गेलेल्या या माणसाने शिकवले होते.

उस्ताद उंच होते आणि चालताना किंचित पुढे वाकत, जणू काही जमिनीवर पडलेले शोधत आहेत. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो, तसा त्यांच्या कानावर खडू असे. खाकी कोटाच्या एका खिशात सुतळीचे भेंडोळे, दुसऱ्यात राळेच्या पुडीची डबी. कारखान्यात कोणाला काही लागले, कोणी पडले, काही तुटले, की ते खडू काढून त्या जागी जमिनीवर खुणा करत: पाय कोठे होते, टोपली कोठे होती, कोणाचे तोंड कोणीकडे होते. मग उकिडवे बसत आणि विचारत, "त्याच्या आधी काय झालं?"

उत्तर मिळाले की पुन्हा तोच प्रश्न. "हौ. आणि त्याच्या आधी?"

मी नोकरीला लागलो त्याच महिन्यात कचेरीच्या पायरीवरून घसरलो. कोपर सोलवटले, धोतर फाटले. उस्ताद समोरूनच येत होते. मला वाटले, हात देतील. त्यांनी आधी पायरीभोवती खडूने गोल काढला.

"मुन्शीजी, उठू नका. पाय कुठं होता?"

"उस्ताद, रक्त येतंय."

"ते थांबतंय. पायरी सुकली की खूण जाईल. पायाखाली काय होतं?"

पायाखाली पाणी होते. त्याच्या आधी? पाणी माठातून झिरपले होते. त्याच्या आधी माठ पलीकडच्या कोपऱ्यात असे. तो शिपायाने आदल्या दिवशी अलीकडे आणला. त्याच्या आधी पलीकडच्या कोपऱ्यात मॅनेजरसाहेबांची आरामखुर्ची गेली, कारण त्यांना दुपारचे ऊन लागत होते. उस्तादांनी शिपायाला कोणाला एक शब्द बोलू दिला नाही. तो बिचारा हात जोडून उभा होता. त्यांनी माठाखाली परात ठेवली, व्हरांड्याला गोणपाटाचा पडदा लावला, खुर्ची जागेवर नेली, माठ जागेवर नेला. मग माझ्या कोपराला हळद लावली आणि म्हणाले, "आता तुम्ही पडलात तर ते तुमचं."

पाठीमागे त्यांना लोक 'आधीवाले' म्हणत. त्यांच्या घरीही त्यातून सुटका नव्हती. जुन्या बाजारामागच्या एका गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. एकदा मी काही कागद घेऊन गेलो, तेव्हा आतून सालन करपल्याचा वास आला. उस्ताद उठून चुलीपाशी जाऊन बसले. आतला संवाद भिंतीआडून ऐकू येत होता.

"लाकूड ओलं होतं? त्याच्या आधी काय झालं?"

"त्याच्या आधी?" भाभीजानचा आवाज मोठा झाला. "त्याच्या आधी माझा तुमच्याशी निकाह झाला! तिथंच सगळं बिघडलं. लिहून घ्या खडूनं!"

उस्ताद बाहेर आले ते हसत. "बरोबर हाय तिचं," मला म्हणाले, "पन ते लई मागचं झालं."

'कोणी?' हा प्रश्न मात्र त्यांना चालत नसे. कोणी मोडले, कोणी सांडले असे मुकादम ओरडू लागला की ते त्याला थांबवत. "कोनी म्हटलं की आदमी लपतो," ते म्हणत. "काय म्हटलं की वस्तू लपत नाय. वस्तूला अब्रू नसती." ही समज त्यांना कोठून आली असे मी एकदा विचारले. त्यांचे वडील हिमरू विणत. कापडात खोट दिसली की वडील त्या खोटीकडे पाहतच नसत. धाग्याला बोट लावून मागे मागे जात, ताण्यापर्यंत, आणि कोठेतरी मागे गाठ सापडे. "खोट जिथं दिसती तिथं नसती, मुन्शीजी. तिथं ती फकस्त दिसती."

आता कारखान्याविषयी आवश्यक तेवढे सांगतो, कारण पुढचे त्यावाचून कळणार नाही. लांब छपरीत चोवीस यंत्रे एका रांगेत होती. प्रत्येक यंत्रापुढे एक बाई बसे आणि कापूस भरे. रुई पुढे येई, सरकी खालच्या खड्ड्यात पडे. यंत्रांच्या बाजूने इंजिनाचा लांब लोखंडी शाफ्ट फिरे, आणि त्याच्यावरून चामड्याचा एकेक पट्टा एकेका यंत्राला फिरवी. पट्टा खड्ड्याच्या तोंडाला अगदी लागून जाई. सरकी उचलणारे हमाल दर अर्ध्या तासाने घंटा झाली की येत, एक नंबरपासून सुरुवात करत आणि चोवीसला पोचत. खड्डा काठोकाठ भरला तर सरकी वर येऊन रुईत मिसळे, आणि मुकादम त्या बाईला सगळ्यांसमोर बोले. म्हणून खड्डा भरत आला की बाया खाली वाकून हाताने सरकी मागे लोटत. असे करू नये, हे त्यांना रोज सांगितले जाई. मीही सांगत असे.

कचेरीत अपघातांची एक वही होती. तिच्यात नाव, वार, यंत्राचा नंबर आणि शेवटी 'सबब' असा रकाना होता. हंगामातली पहिली बाई बोटाच्या शेंड्यावर सुटली. सबबीच्या रकान्यात मी 'गफलत' लिहिले. दुसरीचे मनगट मोडले. मी पुन्हा 'गफलत' लिहिले. माझे अक्षर चांगले होते. उर्दूत तो शब्द मी मोठ्या डौलाने लिहीत असे, हे सांगताना आज मला बरे वाटत नाही. तेव्हा उस्ताद रजेवर होते की इंजिनाच्या दुरुस्तीत, ते आता आठवत नाही. दोन्ही वेळा ते पोहोचण्याआधी जागा धुऊन काढलेली होती, एवढे आठवते.

तिसरी गिरजाबाई. देवगाव रंगारीकडची, तिशीतली, आवाजाने मोठी. तिची जाऊ चंद्रभागा तिच्याबरोबरच कामाला होती. ती कापूस निवडण्याच्या ओट्यावर बसे. गिरजाबाई तेवीस नंबरवर. शनिवारी दुपारी तिचा हात पट्ट्याखाली गेला आणि दोन बोटे गेली. तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेले. टांगा फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच उस्ताद पाणी घेऊन आलेल्या झाडूवाल्यासमोर आडवे उभे राहिले.

"नक्को. एक थेंब नक्को. पैले खुना."

त्यांनी खडूने पायांच्या खुणा केल्या, पाटाची जागा आखली, खड्ड्यात सरकी कोठवर होती ती रेघ मारली. ती काठाला होती.

मॅनेजरने मला बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. एक, वहीत नेहमीप्रमाणे लिहून टाक. गफलत करणारीला पुन्हा यंत्रावर किंवा कारखान्यात घेता येणार नाही. दोन, तेवीस नंबर रिकामा ठेवून चालणार नाही. पुढच्या शनिवारपासून तिची जाऊ बसेल. ती शिकेपर्यंत आठवडाभर मुकादमाने कोणालातरी बसवावे.

उस्ताद दारात उभे होते. ते म्हणाले, "मी बसतो."

मॅनेजर हसला. "बायकांच्या जागेवर?"

"जागा बाईची नसती, साहेब. जागा मशीनची असती. आणि मुन्शीजी, सबब आज लिहू नका. मला शनिवारपर्यंत द्या."

"शनिवारपर्यंत," मॅनेजर म्हणाला. "त्यापुढे नाही."

अशा रीतीने एक आठवडा मिळाला. त्या आठवड्यात कारण सापडले नसते तर गिरजाबाईचे नाव कटले असते आणि चंद्रभागा तिच्याच पाटावर, तिच्याच खड्ड्यापुढे बसली असती. उस्तादांनी हे एकदाच बोलून दाखवले आणि पुन्हा काढले नाही.

रविवारी सकाळी ते तेवीस नंबरवर बसले. एवढ्यावर थांबले असते तर ते उस्ताद कसले? त्यांनी भाभीजानकडून एक जुनी ओढणी आणली होती. गिरजाबाईच्या लुगड्याचा पदर खांद्यावरून कसा पडे, कमरेला कसा खोचलेला असे, हे शेजारच्या बाईला विचारून त्यांनी ती ओढणी तशी बांधली आणि खडूच्या खुणांवर पाय ठेवून कापूस भरू लागले. छपरीत हशा पिकला.

"वस्ताद, कुंकू लावू का?" बावीस नंबरवरची म्हणाली.

"आगं, नथ दे त्यांला," पलीकडून दुसरी. "नथीबिगर मशीन वळखायची नाय!"

"द्या, द्या," उस्ताद मान न उचलता म्हणाले. "गिरजाबाई नथ घालून येत होती का? घालत असंल तर घालतो."

दुपार झाली. खड्डा भरत आला, पण काठाला लागण्याआधी हमाल आले. पुन्हा भरला, पुन्हा हमाल आले. उस्तादांचा हात खाली वाकण्याची वेळच आली नाही. सोमवारी तर खड्डा निम्म्यावर असतानाच घंटा होई. संध्याकाळी त्यांच्या पाठीला कळ लागली होती आणि हाती काहीच नव्हते. मुकादम येऊन म्हणाला, "काय आधीवाले? झाला का तपास? बाई बेफिकीर होती, एवढंच निघालं ना?"

उस्ताद कोटावरची रुई झटकत म्हणाले, "सोमवारी बेफिकीर नव्हती, आणि शनिवारी झाली. मग शनिवारी काय झालं?"

याचे उत्तर कारखान्यात सर्वांकडे तयार होते. शुक्रवारी सुट्टी असे. सुट्टीनंतर माणसे सुस्तावतात, असे मॅनेजर म्हणे. माझ्या टिपणातही मी पूर्वीच लिहून ठेवले होते: 'शनिवारी बायका गप्प असतात; कामात उल्हास नसतो.' मी ते उस्तादांना वाचून दाखवले, मला वाटले मदत होईल. त्यांनी 'गप्प' या शब्दाशी मला थांबवले.

"बाकीच्या दिवशी गप्प नसतात?"

"नाही. गातात. ओव्या म्हणतात."

"शनिवारी नाय म्हणत? कायकू?"

मला माहीत नव्हते. मी ते लिहिले होते, विचारले नव्हते.

मंगळवारी आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. गिरजाबाई खाटेवर बसली होती, हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. चंद्रभागा खाली बसून तिला भाकरी कुस्करून देत होती. गिरजाबाईने आम्हाला पाहताच आधीच सांगून टाकले, "चूक झाली, वस्ताद. माजीच चूक. हात घालाया नको व्हता. मुन्शीबाबांनी लई येळा सांगितलं व्हतं."

मला खाली पाहावे लागले.

"चूक राहू दे," उस्ताद म्हणाले. "मला येक सांग. शनवारी तुमी गात नाय. का?"

ती चकित झाली. असा प्रश्न कोणी विचारील असे तिला वाटले नव्हते. जावेकडे पाहून ती हसली. "आता काय सांगू! शनवारी ववी बसत नाय."

"बसत नाय म्हंजी?"

"म्हंजी मशीनीच्या ठोक्यावर आमी ववी म्हनतो न्हवं? जात्यावर म्हनावी तशी. बाकीचं दिस बराबर बसती. शनवारी मशीन पुढं पळती. ववी मागं राहती. दोन-चार डाव धरून पाहतो, मग सोडून देतो. दम कोन घालवंल?"

"व्हय," चंद्रभागा म्हणाली, "आमच्या वट्यावर बी ऐकू येतं. शनवारी ठोका लई घाईचा."

"ऐतवारी?"

"ऐतवारी थोडी पळती. मंगळवार आला की जाग्यावर येती."

"हे कोनाला सांगितलं होतं?"

गिरजाबाईने भाकरीचा घास हातात तसाच धरला. "कोनी इचारलं व्हतं?"

आम्ही टांग्याने परतलो. कारखान्याच्या फाटकाशी उतरताना त्यांनी मला एवढेच सांगितले: "उद्या कचेरीतलं घड्याळ घेऊन या."

बुधवारी दुपारच्या सुट्टीत, इंजिन बंद असताना, त्यांनी तेवीस नंबरचा पट्टा उतरवला. टोकाचा थोडा भाग कापून तो आखूड केला, पुन्हा जोडला, आतल्या बाजूला राळेची पूड चोळली आणि चढवला. नवशिक्यांसाठी सांगतो: चामडे ताणले की दोन-तीन दिवसांत सैल पडते आणि चाकावरून घसरू लागते, यंत्र मंदावते. पट्टा आवळून राळ लावली की तो घसरत नाही, आणि यंत्र पुरत्या वेगाने फिरते. भोंगा झाला. उस्ताद पाटावर बसले. मी शेजारी घड्याळ घेऊन उभा राहिलो.

ठोक्यातला फरक मला कानांनी कळला. बावीस नंबरवरची बाई ओवी म्हणत होती; ती तिच्या यंत्रावर बसत होती आणि तेवीसवर बसत नव्हती. इतकी साधी गोष्ट होती, आणि मी त्या छपरीत दोन हंगाम रोज फिरलो होतो.

घंटेला आठ मिनिटे उरली असताना सरकी खडूच्या रेघेला लागली. उस्ताद कापूस भरतच होते. पुढे रुईत पहिली सरकी दिसली. पलीकडून मुकादम येत होता. त्या क्षणी उस्तादांचा उजवा हात खाली गेला.

मी ओरडलो. हात पट्ट्यापासून चार बोटांवर थांबला होता.

त्यांनी तो वर घेतला आणि उलटसुलट करून पाहिला, जणू दुसऱ्या कोणाचा आहे. "मुन्शीजी," ते म्हणाले, "मला माहीत होतं, हात घालायचा नाय. मी तेच बघायला बसलो होतो. तरी तो मला न विचारता गेला."

यंत्र थांबवले. ते तेथेच जमिनीवर बसले आणि खडूने एकाखाली एक रेघा ओढू लागले. हात गेला, कारण सरकी काठाला आली. सरकी काठाला आली, कारण भोंग्यापासून सगळे खड्डे एकदमच भरू लागतात, हमाल शेवटच्या टोकाला सर्वांत उशिरा पोचतात आणि यंत्र घंटेपेक्षा पुढे धावत होते. यंत्र धावत होते, कारण पट्टा नव्याने आवळलेला होता. येथे त्यांचा खडू थांबला.

त्यांचा प्रश्न त्या दिवशी मी विचारला. अवघड वाटत होते, तरी पायरी गाळायची नव्हती.

"उस्ताद, त्याच्या आधी?"

"जुम्मा," ते म्हणाले.

"आणि त्याच्या आधी?"

त्यांनी खडू परत कानावर ठेवला. "त्याच्या आधी मी."

दर शुक्रवारी, सगळ्यांना सुट्टी असताना, उस्ताद नमाजानंतर एकटे कारखान्यात येत आणि चोवीस पट्टे एकेक करून आवळत, राळ लावत. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. मागच्या मिस्त्रीच्या काळात पट्टे चालता चालता निसटून अंगावर येत. तसे होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाने हा नेम सुरू केला होता. तो त्यांचा अभिमान होता. शेजारच्या कारखान्यांतले मिस्त्री त्यांचे पट्टे पाहायला येत.

मी म्हणालो, "तुमचा काय दोष? तुम्ही तर चांगलं काम करत होता."

"दोष कोन बोलतंय? दोष बोललं की पुन्हा 'कोनी'वर आलो." ते उठले. "उद्या साहेबांकडं चला."

गुरुवारी मॅनेजरने सगळे ऐकून घेतले. माणूस वाईट नव्हता; त्याला हंगामाची घाई होती. तो म्हणाला, "म्हणजे गफलत बाईची नाही, तुझी. ठीक. मुन्शी, मिस्त्रीचं नाव घाल."

"घाला, साहेब," उस्ताद म्हणाले. "मला काढा बी. मग माझ्या जागी दुसरा येईल. तो बी पट्टे आवळील, कारन आवळावेच लागतात. शनिवारी मशीन पळंल, आणि चंद्रभागाचा हात जाईल. माझं नाव लिहून तिचा हात वाचत असंल तर येवढं मोठं लिहा."

मॅनेजरने लेखणी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुला काय पाहिजे?"

"शेवटच्या आठ मशीनींच्या खड्ड्याला पुढून फळी. हात पट्ट्याकडं जाऊच नये. सरकी मागच्या बाजूनं काढता येती. आणि हमालांनी शनिवार-रविवार दोन टोळ्या करून दोन्ही टोकांपासून सुरू करावं."

"हमालांना सांग. फळ्या हंगाम संपल्यावर. आता लाकूड आणायला माणूस नाही, सुतार नाही."

"शनिवार हंगामात हाय, साहेब."

"हंगाम संपल्यावर," मॅनेजर म्हणाला, आणि दुसरा कागद ओढला.

शुक्रवारी दुपारी मी उस्तादांच्या घरी गेलो. दारावर थाप मारायला हात उचलला आणि थांबलो, कारण दार नव्हते. चौकटीला गोणपाट टांगलेले होते. अंगणात उस्ताद करवत चालवत होते; घराच्या दाराच्या दोन्ही सागवानी फळ्या उतरवून त्यांचे तुकडे चालले होते. भाभीजान पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या.

"बघा मुन्शीभाई," त्या म्हणाल्या. "चोर आला तर हे त्याला विचारतील, त्याच्या आधी काय झालं. तो सांगेल, त्याच्या आधी तुम्हीच दार कापलं!"

"चोरानं नेण्यासारखं घरात काय हाय?" उस्ताद म्हणाले.

"मी नाही का?"

"तुला नेलं तर तो दुसऱ्या दिवशी खडू मागायला येईल."

त्या खळखळून हसल्या आणि उठून फळीचे दुसरे टोक धरून बसल्या. मी करवतीखालचा भुसा बाजूला करत राहिलो. संध्याकाळपर्यंत आठ फळ्या तयार झाल्या, दाराच्या कडीच्या खुणा तशाच असलेल्या. मग आम्ही कारखान्यात गेलो आणि त्या बसवल्या. त्यानंतर उस्तादांनी दर शुक्रवारप्रमाणे चोवीसही पट्टे आवळले. मी विचारले, निदान उद्यापुरते सैल ठेवू या का? ते म्हणाले, "नाय. पट्टा सैल ठेवून बघितलं तर फळी कशी समजंल?"

शनिवारी चंद्रभागा तेवीस नंबरवर बसली. हमाल कुरकुरले, पण दोन्ही टोकांकडून सुरू झाले. ठोका घाईचा होता. कोणी गात नव्हते. मॅनेजर फळ्यांची बातमी कळून छपरीत आला होता आणि उस्तादांकडे न पाहता उभा होता.

हमाल रांगेच्या मध्यावर असताना तेवीसच्या खड्ड्यात सरकी पुन्हा वर चढली. चंद्रभागाचा हात खाली गेला.

ठक्.

ती दचकून मागे सरकली, बोटे तोंडात घातली, बाहेर काढून पाहिली. पाचही होती. "आगं बया," ती फळीकडे पाहत म्हणाली, "ह्यो कुनी घातला दरवाजा?"

काही वेळाने एकवीस नंबरवरून: ठक्. मग चोवीस. त्या बाया पंधरा-पंधरा वर्षे काम केलेल्या होत्या, सावध होत्या, आणि तिसरी बाई नुकतीच दवाखान्यात गेलेली सर्वांना माहीत होती. तरीही हात जात होते. मॅनेजर दुपारपर्यंत तेथून हलला नाही. मी घड्याळाशेजारी कागदावर रेघा मारत होतो. भोंगा होईपर्यंत अकरा झाल्या.

अकरा वेळा फळीवर हात आपटला. फळी नसती तर त्यातले किती हात वाचले असते, ते मला सांगता येत नाही. एक गेला असता तरी मी सबबीच्या रकान्यात काय लिहिले असते, ते मात्र मला पक्के माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी वही उघडली. गिरजाबाईच्या नावापुढच्या रिकाम्या रकान्यात पट्टा, सरकी, घंटा आणि हमालांचा क्रम असे सगळे बारीक अक्षरात लिहिले. रकाना पुरला नाही, समासात गेलो. मग पाने मागे उलटून पहिल्या दोन ठिकाणचे 'गफलत' खोडले. त्यांच्या जागी पट्टा लिहावा असे मनात आले, पण उस्तादांनी हात धरला. "ते आपन बघितलं नाय. 'माहीत नाय' असं लिहा." मी तसे लिहिले. सोमवारी मॅनेजरने वही पाहिली, सही केली आणि सुताराला बोलावणे धाडले. महिन्याभरात चोवीसही खड्ड्यांना फळ्या आल्या. गिरजाबाईचे नाव कटले नाही. हात बरा झाल्यावर ती निवडण्याच्या ओट्यावर जावेच्या जागी बसू लागली, आणि तेथून यंत्रावरच्यांना ओवीचे पहिले चरण द्यायचे काम तिने आपणहून घेतले.

मॅनेजरने उस्तादांना नवे दार देऊ केले. त्यांनी सुताराच्या फळ्या घेतल्या आणि त्या इंजिनाच्या चाकाभोवती लावल्या. त्यांच्या घराला गोणपाटच राहिले. मी औरंगाबाद सोडले तेव्हाही तेच होते.

तेव्हा प्रश्नाचे माझ्याकडचे उत्तर असे: तिसऱ्या वेळी शनिवार आला तो पट्टे शुक्रवारी आवळले म्हणून, आणि शेवटचे टोक आले ते हमाल तेथे शेवटी पोचत म्हणून. पहिल्या दोन वेळांचे कारण तेच असावे असे वाटते, पण ते आम्ही पाहिलेले नाही.

हे केवळ माझ्या शब्दावर खरे धरू नये. पट्ट्यावर चालणारे यंत्र आपल्या ओळखीत कोठे असेल, तर पट्टा आवळण्याआधी आणि आवळल्यानंतर शेजारी उभे राहून ठोके मोजावेत. आणि आपल्या कामाच्या ठिकाणी कोणाला लागले असेल व कागदावर त्याचाच निष्काळजीपणा लिहिलेला असेल, तर त्या जागी त्याच्यासारखे एक दिवस बसावे, तेथे काम करणाऱ्याला 'त्याच्या आधी काय झालं' हे विचारावे, आणि माझे चुकले असेल तर ते दुरुस्त करावे.